सात वर्षांची लाही घरात शू करायला लागली तेव्हा

लाही आमची सात वर्षांची. पांढरी, गुबगुबीत, वजन सहा किलो, रस्त्यात सगळे तिला पॉमेरियन म्हणतात पण खरं तर ती इंडियन स्पिट्झ, आपल्याकडे वर्षानुवर्षं घराघरांत जो पांढरा कुत्रा दिसतो ना तोच. दोन महिन्यांची असताना आणली, पाचव्या महिन्यापर्यंत बाहेर जाऊन करायला शिकली आणि त्यानंतर साडेसहा वर्षं घरात एक थेंब नाही. मुसळधार पाऊस असो, आम्हाला लग्नाहून यायला सात तास उशीर होवो, दाराशी उभी राहील, कुईकुई करेल, पण घरात नाही म्हणजे नाही. हे आधी सांगतेय कारण ज्या दिवशी हे बिघडलं त्या दिवशी पहिली जी गोष्ट करायला हवी होती तीच मी केली नाही, आणि त्यापायी त्या बिचारीने पाच आठवडे भोगलं.

जून २०२४. पाऊस नुकताच सुरू झाला होता. सकाळी दूध घ्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय ओला झाला. मला वाटलं खिडकीतून पाणी आलं असेल, पुसलं आणि विसरले. दोन दिवसांनी परत तिथेच, आणि या वेळी वास आला. मग देवघरासमोर आईंची सतरंजी असते तिच्यावर. मग सोफ्याशेजारी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४, आदल्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रात्री दोनदा बाथरूमला उठतात, आणि आमची फरशी गुळगुळीत. माझ्या डोक्यात फक्त एकच चित्र, की आई रात्री अंधारात उठल्या आणि त्या ओल्यात पाय पडला तर काय. त्या भीतीने मी इतकी चिडचिडी झाले की लाहीकडे बघण्याआधीच माझा आवाज चढायचा.

पावसाचं कारण सगळ्यांनाच पटलं. छोट्या कुत्र्यांना पाऊस आवडत नाही हे खरंच आहे, पोट जमिनीपासून वीतभर वर, रस्त्यातलं पाणी थेट अंगावर उडतं, आणि आमच्या कल्याणला पावसाळ्यात बिल्डिंगच्या बाहेर पाऊल ठेवलं की चिखल. शेजारच्या काकू म्हणाल्या, नखरे गं, लाडावलीय. एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की मुलाच्या दहावीमुळे तुमचं लक्ष कमी झालं असेल, लक्ष वेधायला करतेय, ओरडा, जागेवर नेऊन दाखवा, समजेल. मी तेच केलं. तिला धरून त्या ओल्या जागेपाशी नेलं, हे काय आहे हे काय आहे म्हणून ओरडले, आणि एकदा, हे लिहिताना अजून गळा दाटतो, पेपरची गुंडाळी करून पाठीवर मारली. लागलं नसेल फार, पण ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापासून लांब पळाली.

यानंतर ती घरात शू करायची थांबली असं आम्हाला चार दिवस वाटलं. प्रत्यक्षात ती लपून करायला लागली होती. सोफ्याच्या मागे, आईंच्या पलंगाखाली, चपलांच्या स्टँडच्या कोपऱ्यात. आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेर नेलं की माझ्यासमोर करेचना. चाळीस चाळीस मिनिटं छत्री धरून मी उभी, ती नुसती वास घेत फिरतेय, मधूनच माझ्याकडे बघतेय, बसायला जातेय आणि परत उठतेय. वर आलो, मी पट्टा काढून चप्पल ठेवेपर्यंत ही सोफ्यामागे. मला तेव्हा वाटलं की ही मुद्दाम करते, सूड घेते, इतक्या वेळ बाहेर होतो तेव्हा नाही आणि घरात येऊन लगेच. आज कळतंय की तिने माझ्याकडून काय शिकून घेतलं होतं. घरात करू नये हे ती शिकली नव्हती, या बाईच्या नजरेसमोर शू करणं धोक्याचं आहे हे शिकली होती. मग बाहेर तिचा पट्टा माझ्याच हातात असताना ती कशी करणार?

आणि ते अपराधी तोंड. कान मागे, शेपटी खाली, नजर चोरायची. मी सगळ्यांना सांगायचे, बघा बघा, तिला कळतं आपण चुकलोय ते. नंतर वाचनात आलं की न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केलाय. मालकांना खोलीबाहेर पाठवायचं, नको म्हटलेला खाऊ खायची संधी कुत्र्यांना कधी द्यायची कधी नाही, आणि मालकांना कधी खरं सांगायचं कधी खोटं. तर ते अपराधी तोंड कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नव्हतं, मालक ओरडला की नाही यावर ठरत होतं, उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी बसली त्यांचं तोंड जास्त पडलेलं दिसलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरी गोष्ट माझ्या मुलाने पकडली. जुलैचा दुसरा आठवडा, ते आठ जुलैला मुंबईत सगळीकडे पाणी तुंबलं, लोकल बंद पडल्या, तो दिवस. तो घरीच होता, अभ्यास करत बसलेला, आणि त्याने लाहीला गॅलरीच्या दाराशी बसलेलं बघितलं. मला हाक मारून म्हणाला, आई ती बसलीय पण काही येत नाहीये. मी जाऊन बघितलं. ती बसली, पाठ कमानीसारखी ताणली, दोन थेंब पडले, उठली, दोन पावलं गेली, परत बसली, परत दोन थेंब. मग मान वळवून मागे चाटायला लागली. अशी पाच वेळा. मी खाली वाकून ते दोन थेंब पांढऱ्या नॅपकिनने टिपले तर त्याला किंचित गुलाबी छटा होती.

तो नॅपकिन हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसले. महिनाभर तिला दुखत होतं आणि मी तिला मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, या वेळी फोन नाही, प्रत्यक्ष. त्या मॅडमनी लाहीला हात लावायच्या आधी मला प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न इथे सगळे लिहिते कारण ज्यांच्या घरी हे चालू असेल त्यांनी क्लिनिकला जायच्या आधी याची उत्तरं तयार ठेवली तर खूप उपयोग होतो. झोपेत होतं का जागेपणी? म्हणजे ती उठल्यावर अंथरूण ओलं दिसतं का, की चालत जाऊन, बसून करते? एका वेळी भरपूर होते की थोडी थोडी? वास बदललाय का, रंग? पाणी जास्त पिते का? भूक, वजन? नसबंदीचं ऑपरेशन झालंय का आणि कोणत्या वयात? घरात काही बदललंय का, नवीन माणूस, नवीन फर्निचर, वेळा? मी पाण्याचं नीट सांगू शकले नाही तर म्हणाल्या, मोजा. सकाळी बाटलीने मोजून भांड्यात घाला, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे शंभर मिलीच्या वर पाणी जात असेल तर डायबेटिस, किडनी, कुशिंग्ज (कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं तो आजार) असे आजार तपासावे लागतात. लाही सहा किलोची म्हणजे सहाशेच्या वर गेलं तर काळजी. तिचं साडेतीनशेच्या आसपास भरलं. तरी रक्त घेतलं, साखर आणि किडनी दोन्ही ठीक आली.

मग लघवी तपासायची. पहिला नमुना घरून आणायला सांगितला, सकाळची पहिली, आणि दोन तासांत पोचवायची. आता कुत्रीची शू पकडायची कशी? ती जमिनीला जवळजवळ टेकून बसते, वाटी खाली जात नाही. आईंनी स्वयंपाकघरातून जुनी स्टीलची पळी काढून दिली, लांब दांड्याची, पसरट. म्हणाल्या, ही घे, उकळत्या पाण्यातून काढून दिलीय, परत आत आणू नकोस. मी सकाळी सहाला लाहीच्या मागे वाकून वाकून चालतेय, ती बसली की हळूच मागून पळी सरकवायची. पहिल्या दोन दिवशी पळी दिसली की उठायची. तिसऱ्या दिवशी मिळाले चमचाभर. गढूळ, भाताच्या पेजेसारखं. ते बाटलीत भरून बर्फाच्या पिशवीत ठेवून रिक्षाने क्लिनिकला.

रिपोर्टमध्ये पस सेल्स भरपूर, जिवाणू, थोडं रक्त, पीएच आठच्या वर आणि स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे बारीक स्फटिक, मायक्रोस्कोपखालीच दिसतात ते. मॅडमनी समजावलं की मादी कुत्र्यांना हे इन्फेक्शन जास्त होतं कारण त्यांचा लघवीचा मार्ग आखूड असतो, बाहेरचे जिवाणू चटकन मूत्राशयापर्यंत पोचतात. काही जिवाणू असे असतात की ते लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात, त्याने पीएच चढतो आणि मग हे स्फटिक बनतात, वाढले तर मोठे खडे होतात. म्हणून सोनोग्राफी करायला सांगितली. ती उताणी पडून चार पाय वर, पोटावरचे केस थोडे काढलेले, मी तिचं डोकं धरून बसलेले आणि ती एकदाही गुरगुरली नाही. खडा नव्हता पण मूत्राशयाची भिंत जाड झाली होती, सूज. तिथेच सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतला कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून ओळखायला, कारण पळीतल्या नमुन्यात बाहेरचे, केसांवरचे जिवाणू मिसळतात आणि मग खरा कोणता ते कळत नाही. मी सुई म्हटल्यावर घाबरले होते पण दोन सेकंदांचं काम होतं.

कल्चरला तीन दिवस लागले, स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू निघाला, त्यावर कोणतं औषध चालतं तेही त्यातच कळलं. अँटिबायोटिकचा कोर्स, सोबत दुखणं कमी व्हायचं औषध. चौथ्या दिवशी लाही मागे चाटायची थांबली, सहाव्या दिवशी मुलाच्या अंगावर चढून खेळली. मॅडमनी बजावलं होतं की बरी दिसायला लागली म्हणून औषध सोडायचं नाही, पूर्ण करायचं आणि मग परत लघवी तपासायची. ती स्वच्छ आली. मला वाटलं सुटलो.

सुटलो नव्हतो. इन्फेक्शन गेलं होतं पण सवय राहिली होती. तपासणी स्वच्छ आल्याच्या तिसऱ्या दिवशी सोफ्यामागे मोठं थारोळं. मी मॅडमना जवळजवळ रडत फोन केला, त्या म्हणाल्या एक महिनाभर तिला प्रत्येक वेळी घाईची लागत होती, जिथे जागा मिळाली तिथे केली, आणि तिच्या नाकाला त्या जागा आता संडास वाटतात. तुम्ही पुसताय कशाने?

फिनेलने, अजून कशाने. आपण सगळेच फिनेलने पुसतो. तर फिनेलने आपल्या नाकाला वास येत नाही एवढंच, तिच्या नाकाला फिनेलच्या खालचा तो वास येतोच. शिवाय फिनेल तिच्या पंज्यांना लागतं, ती ते चाटते, ते पोटात जाणंही बरं नाही. अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको, त्याचा वासच लघवीच्या जवळचा. लागतं ते एन्झाइमवालं क्लीनर, जे लघवीतले घटक मोडून टाकतं. आमच्याकडे पेट शॉपमध्ये मिळालं. त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही, त्या जागेवर आधी फिनेल किंवा ब्लीच मारलेलं असेल तर ते साध्या पाण्याने दोन तीनदा धुवून काढावं लागतं, नाहीतर एन्झाइम कामच करत नाही. आणि ओतलं की लगेच पुसायचं नाही, मुरू द्यायचं, पंधरा वीस मिनिटं तरी, मग वरचं टिपून बाकी आपोआप वाळू द्यायचं.

पण डाग कुठे कुठे आहेत ते कळायला हवं ना. नवऱ्याने अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवला, साडेतीनशेचा, आणि एका रात्री आम्ही घरातले सगळे दिवे बंद करून फिरलो. तो प्रकार बघितल्याशिवाय कळणार नाही. जी फरशी दिवसा आरशासारखी स्वच्छ दिसते तिच्यावर पिवळट हिरवे ओघळ चमकत होते, फरशांच्या मधल्या सांध्यांतून रेघा गेलेल्या. सोफ्याच्या मागच्या लाकडी पायाला वीतभर उंचीपर्यंत. चपलांच्या स्टँडखाली. आईंच्या पलंगाखाली ठेवलेल्या ट्रंकेच्या कडेला. पायपुसण्यांवर तर नकाशेच. एकूण अकरा जागा मोजल्या, त्यातल्या चारच आम्हाला माहीत होत्या. साबण आणि इतर काही गोष्टीही त्या उजेडात चमकतात म्हणून चमकलेल्या प्रत्येक ठिकाणी मी गुडघ्यावर बसून वास घेतला. आई दाराशी टॉर्चच्या उजेडात उभ्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, अगं किती दिवस त्रास होत होता गं तिला.

सोफ्याचे पाय पॉलिश पेपरने घासून परत पॉलिश केलं. पायपुसणी सगळी टाकून दिली आणि दोन महिने घरात एकही पायपुसणं, एकही सतरंजी ठेवली नाही, कारण कापड मऊ आणि शोषून घेणारं म्हणून गवतासारखं वाटतं त्यांना, छोटी कुत्री हमखास त्यावरच करतात. फरशीच्या सांध्यांत तीन वेळा एन्झाइम ओतलं.

आणि मग शिकवणी, अगदी दोन महिन्यांच्या पिल्लाला शिकवतात तशी, सात वर्षांच्या कुत्रीला. यात मी जे काही केलं ते लिहिते, दुसऱ्या कोणाचं थोडं वेगळं असू शकेल.

एक वही केली. तारीख, वेळ, कुठे, किती, कोण घरात होतं. पहिल्या आठवड्यातच त्या वहीत दिसलं की तिच्या चुका दिवसभर पसरलेल्या नव्हत्या, दुपारी अडीच ते चार आणि रात्री आम्ही जेवायला बसतो तेव्हा, बस. दुपारी मी ऑफिसात, आई झोपलेल्या. जेवताना सगळ्यांचं लक्ष ताटात. म्हणजे जेव्हा कोणी बघत नाही तेव्हा. मग बाहेर न्यायच्या वेळा ठरवल्या, सकाळी सहा, साडेनऊ, दुपारी दोन, साडेपाच, साडेआठ आणि रात्री अकरा. दुपारची कोण नेणार हा मोठा प्रश्न होता, कारण आईंना जिना झेपत नाही, मुलाचा क्लास. आमच्या खालच्या वॉचमन काकांना विचारलं, ते म्हणाले मी नेतो, मला आवडते ती. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

घरात असताना तिचा पट्टा माझ्या ओढणीला, कमरेला बांधलेला. पोळ्या करताना ती पायाशी, कपडे वाळत घालताना ती मागे. याने दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे तिला लपून जाता येईना, आणि दुसरं म्हणजे मला तिच्या खुणा दिसायला लागल्या. शू यायच्या आधी लाही गोल फिरत नाही, जसं सगळे सांगतात, ती अचानक थांबते, नाक जमिनीला लावून तीन चार पावलं वेगाने जाते आणि एक कान मागे करते. सात वर्षं माझ्या घरात राहणाऱ्या जनावराची ही खूण मला माहीत नव्हती.

सगळ्यात अवघड होतं ते तिने माझ्यासमोर करणं. बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या पंपाजवळ थोडं गवत आहे, रोज तिथेच न्यायचं ठरवलं, दुसरीकडे नाही. लांब पट्टा घेतला, पंधरा फुटांचा. तिला गवतावर सोडायचं आणि मी पाठ फिरवून उभी राहायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही, कर ना बाळा वगैरे काही नाही, मोबाइल पण नाही, नुसतं भिंतीकडे तोंड करून उभं. खिशात डबीत पनीरचे तुकडे, करंगळीच्या नखाएवढे. पहिला दिवस नाही. दुसरा नाही. पाच मिनिटं थांबायचं, नाही केली तर वर आणून परत कमरेला बांधायचं आणि पंधरा मिनिटांनी परत खाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एका रविवारी मी अकरा वेळा जिने उतरले. काकांबरोबर मात्र ती पहिल्या दिवसापासून करत होती, कारण काकांनी तिला कधी मारलं नव्हतं. ते ऐकून मला बरंही वाटायचं आणि पोटात तुटायचंही.

नवव्या दिवशी सकाळी, बारीक पाऊस, मी भिंतीकडे तोंड करून उभी आणि मागे गवतात तो आवाज आला, छोटासा, सरसर. मी हलले नाही. आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबले, कारण मधेच शाबासकी दिली तर ती अर्धवट सोडून धावत येते आणि उरलेली घरी येऊन होते. थांबल्यावर वळले, खाली बसले, आणि पनीरचा तुकडा तिथल्या तिथे दिला, एक नाही पाच, एकामागून एक. बक्षीस तिथेच द्यावं लागतं, दोन तीन सेकंदांत, वर येऊन दिलं तर तिला वाटतं जिना चढल्याबद्दल मिळालं. ती खात होती, शेपटी हलत होती, आणि मी त्या चिखलात बसून रडत होते. वहीत त्या दिवशी लिहिलंय, सहा पस्तीस, गवत, भरपूर, माझ्यासमोर.

घरात चूक झाली तर काय करायचं, तर काही नाही. करताना दिसली तर टाळी न वाजवता, न ओरडता, हलक्या आवाजात चल चल म्हणून उचलून खाली. नंतर दिसली तर गप्प पुसायचं. हे घरात सगळ्यांना पटवायला वेळ गेला, विशेषतः नवऱ्याला, त्याचं म्हणणं की काहीच बोललो नाही तर तिला कळणार कसं. मी त्याला वही दाखवली. ओरडलो तो महिना आठवून सांगितला आणि वहीतला न ओरडलेला महिना त्याच्या शेजारी ठेवला, त्याने मान डोलावली.

पावसासाठी वेगळी सोय केली. नर्सरीतून लॉनचा तुकडा आणला, दोन बाय तीन फूट, तो प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये गॅलरीच्या मोरीशेजारी ठेवला. लाही पहिले काही दिवस त्यावर बसून ऊन खायची. मग तिची शू टिपलेला एक पेपरचा तुकडा त्या गवताखाली ठेवला आणि रात्री अकराला पट्ट्याने बांधूनच त्यावर न्यायला लागले, तेव्हा जमलं. तीन आठवड्यांनी गवत पिवळं पडतं, बदलावं लागतं. खर्च होतो पण आईंना रात्री ओल्या फरशीवरून जाताना बघण्यापेक्षा हा खर्च मला परवडतो.

गणपतीत परत मागे गेलो. सात सप्टेंबरला गणपती आले, घरात पंधरा माणसं, सारखी बेल, मुलं तिच्या मागे मागे, वेळा सगळ्या चुकल्या. दोनदा केली, एकदा पाहुण्यांच्या बॅगेवर. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. मॅडम म्हणाल्या, इन्फेक्शन परत आलं नाही ना तेवढं बघा, नसेल तर आठ दिवस परत कमरेला बांधा, पहिल्यापासून लवकर होईल. खरंच पाच दिवसांत ठीक झालं. त्यामुळे दिवाळीला आम्ही आधीच तयारीत होतो, फटाके सुरू व्हायच्या आत, साडेपाचलाच बाहेर नेऊन आणायचं, मग आतल्या खोलीत खिडक्या बंद, टीव्ही चालू, आई तिच्याशेजारी जप करत बसलेल्या. रात्रीची शू ट्रेमध्ये. एकही चूक नाही.

एक वेगळी केस सांगते म्हणजे गल्लत होणार नाही. माझ्या बहिणीकडे नागपूरला दहा वर्षांची डॅशहुंड आहे, तिचं अंथरूण सकाळी ओलं असायचं. बहीण मला फोन करून म्हणाली, मी पण तुझ्यासारखं वही, पनीर सुरू करते. मी तिला मॅडमचा तो पहिला प्रश्न विचारला, झोपेत का जागेपणी? झोपेत. आधी डॉक्टरकडे जा म्हटलं. तर तिचं निघालं की नसबंदीत अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये वयाप्रमाणे लघवी धरून ठेवणारा स्नायू ढिला पडतो, हार्मोन कमी झाल्यामुळे, आणि झोपेत गळते. तिला कळतसुद्धा नाही. त्याला गोळी आहे, तिची चालू केली आणि महिन्याभरात अंथरूण कोरडं. तिला कितीही पनीर दिलं असतं तरी काही झालं नसतं.

वहीतली शेवटची चूक १४ नोव्हेंबरची आहे. त्यानंतर मी नुसत्या वेळा लिहीत गेले आणि जानेवारीत वही बंद केली. पायपुसणी एक एक करून परत आली, आधी बाथरूमचं, मग दाराचं, प्रत्येकाच्या मध्ये आठवडा जाऊ दिला. सगळ्यात शेवटी देवघरासमोरची सतरंजी, ती आईंनी स्वतः अंथरली, आणि लाही येऊन तिचा वास घेत असताना मी श्वास रोखून बघत होते. तिने नाक फिरवलं आणि आईंच्या मांडीला टेकून झोपली.

मॅडमनी सांगितलंय की एकदा झालेलं इन्फेक्शन परत होऊ शकतं, म्हणून दर सहा महिन्यांनी लघवी तपासायची, आणि पावसाळ्यात फिरून आलं की पोटाखालचे, मागचे केस कोरडे करून ठेवायचे, ते आम्ही करतो. पळी गॅलरीतल्या कपाटात वेगळ्या पिशवीत ठेवलेली आहे. आता पळी दिसली तरी ती उठत नाही.